स्ट्रेटनर हातात घेण्याआधी: हीट प्रोटेक्शन स्प्रे किती, कधी आणि कसा मारायचा

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला कॉस्मेटिकच्या दुकानात हीट प्रोटेक्शन स्प्रे मागितला, की काउंटरवर चार बाटल्या येतात आणि बहुतेकींवर ‘२३० अंशांपर्यंत संरक्षण’ असं ठळक छापलेलं असतं. घोळ तिथूनच सुरू होतो. आकडा वाचून स्ट्रेटनरही २३० वर लावला जातो, वरच्यावर दोन फवारे मारले जातात आणि सहा महिन्यांनी टोकं राठ होऊन फाटे फुटले, की खापर स्प्रेवर. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की कंपनीच्या म्हणण्यानुसार स्प्रेचा थर तेवढ्या तापमानापर्यंत टिकतो. केसाला तेवढं तापमान झेपतं, असं बाटली कुठंच म्हणत नाही.

स्प्रेतली सिलिकोन आणि पॉलिमर केसावर पातळ थर धरतात. त्या थरातून उष्णता सावकाश आत जाते, एकाच जागी चटका बसत नाही, प्लेट अडखळत नाही आणि केसातला ओलावा एकदम उडून जात नाही. रेशमी साडीवर सुती फडका टाकून इस्त्री करतात, तसाच हा प्रकार. पण फडका आहे म्हणून इस्त्री साडीवर तशीच ठेवून कुणी दार उघडायला जात नाही. केसांच्या बाबतीत मात्र नेमकं तेच होतं. स्प्रे नुकसान कमी करतो, शून्यावर आणत नाही. म्हणून खाली स्प्रेइतकीच जागा केस वाळवण्याला आणि तापमानाला दिली आहे. त्या दोन गोष्टी चुकल्या, तर महागातली महाग बाटलीही काही करू शकत नाही.

उष्णतेने केसात काय घडतं

केसाच्या बाहेर क्युटिकलचे, म्हणजे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे, पाच ते दहा थर असतात आणि आत केराटिन या प्रथिनाचा गाभा. केस भिजला किंवा तापला, की केराटिनमधले हायड्रोजन बंध सुटतात. वाळताना आणि गार होताना ते नव्या आकारात पुन्हा जुळतात. ड्रायर, स्ट्रेटनर, टाँग (केस कुरळे करायची गरम नळी) या सगळ्यांचं काम याच बंधांवर चालतं. प्रेसिंग, म्हणजे स्ट्रेटनरने सरळ केलेले केस, एका धुण्यात निघून जातं ते यामुळे, आणि गरम असतानाच सोडलेला कर्ल पाच मिनिटांत लोंबतो तेही यामुळेच.

इथपर्यंत सगळं परत फिरवता येतं. पुढचं फिरवता येत नाही. कोरड्या केसातलं केराटिन साधारण २२० ते २४० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात कायमचं बिघडतं. केस ओला असेल तर हाच बिघाड १५० च्या आसपास सुरू होतो. शिवाय ओल्या केसातलं पाणी गरम प्लेटखाली उकळतं, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि गाभ्यात पोकळ बुडबुडे तयार होतात. याला बबल हेअर म्हणतात. असा केस उजेडात धरला तर मध्येच बारीक पांढरट ठिपका दिसतो आणि हलकं ओढलं की नेमका तिथंच तुटतो. कुठलाही मास्क किंवा पार्लरमधला हेअर स्पा हे भरून काढत नाही, तेवढा भाग कापावाच लागतो.

बाटली घेताना

स्प्रेचे ढोबळ दोन प्रकार आहेत. घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘अ‍ॅक्वा’ असेल तर तो पाण्यावरचा स्प्रे: धुतलेल्या, दमट केसावर ड्रायरच्या आधी मारायचा. पहिलं नाव ‘अल्कोहोल डिनॅट’ किंवा ‘सायक्लोपेंटासिलोक्झेन’ असेल तर तो पटकन उडून जाणारा: कोरड्या केसावर, स्ट्रेटनर किंवा टाँगच्या आधी. पाण्यावरचा स्प्रे वाळलेल्या केसावर मारून लगेच प्रेसिंग करणं म्हणजे केस पुन्हा ओला करून भाजणं. घरोघरी होणाऱ्या चुकांमधली ही पहिल्या नंबरची चूक, आणि ती बाटलीवरची यादी न वाचल्यामुळे होते.

यादीत पुढे डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, फिनाइल ट्रायमेथिकोन (ही तिन्ही सिलिकोन), ‘पॉलिक्वाटर्नियम’ने सुरू होणारं एखादं नाव, ‘पीव्हीपी’ किंवा ‘व्हीपी’ जोडलेला एखादा कोपॉलिमर, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन यांतलं काही ना काही दिसलं पाहिजे. पाणी, कोरफड, सुगंध आणि व्हिटॅमिन एवढंच असेल तर ते वासाचं पाणी आहे. सिलिकोन नको म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी बाकी हवं ते नैसर्गिक वापरावं, पण मग स्ट्रेटनरही बाजूला ठेवावा.

केस बारीक, पातळ असतील तर स्प्रेच बरा. जाड, कुरळे, दाट केस असतील तर क्रीम किंवा लोशन चांगलं धरतं, कारण फवारा वरच्या थरावरच अडकतो. बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी असायलाच हवी. परदेशी मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या नामांकित ब्रँडच्या बाटलीवर यांतलं काही नसेल तर ती तशीच काउंटरवर परत ठेवा.

आता खोबरेलाचं. कोल्हापुरात केसांचा विषय निघाला आणि खोबरेल निघालं नाही असं होत नाही. धुण्याच्या आदल्या रात्री लावलेलं खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. त्या कामाला त्याच्या तोडीचं तेल नाही. पण तेच तेल स्ट्रेटनरच्या आधी लावलं तर गणित उलटतं. लाकडी घाण्याचं, न गाळलेलं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं. म्हणजे स्ट्रेटनर नेहमीच्या १८० वर असेल तर केसावर तेल धुरतं, वास कपड्यांत बसतो आणि प्लेटवर तपकिरी चिकटा जमतो. तेल धुण्याआधी, स्प्रे धुतल्यानंतर. कोरफडीचा गर किंवा जवसाच्या जेलने घरी केलेले ‘हीट स्प्रे’ही या कामाचे नाहीत: त्यांतलं पाणी जास्त आणि थर एकसारखा बसत नाही.

धुण्यापासून सुरुवात

स्प्रे स्वच्छ केसावरच नीट बसतो. जुनं तेल, सीरम, ड्राय शाम्पू यांच्या थरावर मारला तर तो ठिकठिकाणी साचतो आणि केस चिकट दिसतात.

उपनगरांतल्या बऱ्याच सोसायट्यांत वापरायला बोअरचं पाणी असतं. पाणी जड असेल तर शाम्पूला फेस कमी येतो, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि कॅल्शियमचा तसाच थर केसावरही बसतो. अशा केसाला हात लावला तर धुतल्यावरही तो राठ, कोरडा लागतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ‘क्लॅरिफाइंग’ किंवा ‘चिलेटिंग’ लिहिलेला शाम्पू वापरा. रोजच्या धुण्यात निदान शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घेतले तरी फरक पडतो. कंडिशनर मात्र चुकवू नका. कानाच्या खालच्या लांबीला लावायचा, दोन-तीन मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. टाळूला नको.

नंतर टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा घ्या, केस मुठीत धरून दाबत पाणी टिपा. केस टपकायचे थांबले, पण हाताला गार आणि दमट लागतात, ही स्प्रेची वेळ. टपकणाऱ्या केसावर मारलेला स्प्रे पाण्याबरोबर खांद्यावर उतरतो.

स्प्रे मारणं

इथे घाई करू नका, सगळी मेहनत इथंच फळते किंवा वाया जाते.

आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, टोकाकडून वर सरकत. मग मधोमध भांग पाडा आणि कानापासून कानापर्यंत दुसरा भांग. झाले चार भाग. प्रत्येक भाग क्लचरने वेगळा बांधा. केस फार दाट असतील तर मागचे दोन भाग पुन्हा आडवे विभागून सहा करा. पार्लरमध्ये हे दोन मिनिटांत होतं, घरी पहिल्यांदा दहा लागतील.

सुरुवात मानेजवळच्या सगळ्यात खालच्या थरापासून. बहुतेक जणी आरशात जे दिसतं तिथंच फवारतात, म्हणजे डोक्याचा वरचा थर आणि पुढच्या बटा. परिणाम असा की वरचे केस तेलकट, आतले कोरडे ठणठणीत, आणि तेच आतले केस मानेवर घासून आधी तुटतात. म्हणून खालचा थर सोडा, बाकीचं वर बांधलेलंच राहू द्या.

बाटली केसापासून १५ ते २० सेंटिमीटर दूर, म्हणजे साधारण एक वीत. याहून जवळ धरली तर एका जागी थेंब जमतो. वाळल्यावर तिथं केस एकमेकांना चिकटतात आणि प्लेट अडकते. फार दूर धरली तर निम्मा फवारा हवेत. टाळूपासून चार-पाच बोटं सोडून खाली मारायचा आणि जास्त जोर टोकांवर. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा कमरेपर्यंत आलेल्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तेवढ्या वर्षांचं ऊन, धुणं, कंगवा आणि प्रत्येक लग्नसराईतलं प्रेसिंग त्याने सोसलेलं असतं. संरक्षणाची गरज तिथं, आणि लोक मारतात मुळांशी.

किती मारायचा हे पंपावर अवलंबून आहे आणि याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. बोटाने दाबायचा बारीक फवाऱ्याचा पंप एका दाबाला साधारण ०.१ ते ०.१५ मिली सोडतो. बंदुकीसारखा चाप असलेला स्प्रे एका दाबाला ०.७ ते १ मिली, म्हणजे जवळजवळ सातपट. त्यामुळे ‘आठ दाब’ हा सल्ला एका बाटलीला बरोबर आणि दुसरीला घातक. आपला पंप मोजायचा असेल तर कफ सिरपच्या मापाच्या झाकणात वीस दाब मारून बघा. २ ते ३ मिली भरलं तर बारीक फवारा.

बारीक फवाऱ्याचा हिशोब धरला तर कानापर्यंतच्या केसाला ३ ते ४ दाब, खांद्यापर्यंत ८ ते १०, पाठीच्या मध्यापर्यंत १२ ते १५ आणि कमरेपर्यंत १८ ते २२. दाट केस असतील तर चार-पाच दाब वर. अगदी पातळ असतील तर दोन कमी. चापाच्या बाटलीला खांद्यापर्यंतच्या केसासाठी एक-दोन दाब पुरे, आणि तेही थेट केसावर नको. तळहातावर घेऊन, हात चोळून लावले तर चांगलं. उलटा पडताळाही घेता येतो: कमरेपर्यंत केस, आठवड्यातून दोनदा वापर, तर १५० मिलीची बाटली साधारण सात महिन्यांत संपायला हवी. दीड वर्ष पुरत असेल तर काटकसर केसांच्या जिवावर चालली आहे.

प्रत्येक भागावर फवारा झाला की लगेच कंगवा फिरवा, मुळापासून टोकापर्यंत तीन-चार वेळा. हे सोडलं तर थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो, मधली जागा उघडी राहते. मग तो भाग बांधून पुढचा घ्या. सगळं झाल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या.

ड्रायर

ड्रायरला पुढचं चपटं नोझल लावा आणि हवा नेहमी मुळाकडून टोकाकडे सोडा, खवले बसतात त्याच दिशेने. उलट दिशेने मारलेली हवा खवले उचकटते आणि मग वाळल्यावर केस भुरभुरतात.

अंतराचं महत्त्व आकड्यांत कळतं. कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ड्रायर १५ सेंटिमीटरवर असताना केसाजवळ ४७ अंश, १० वर ६१ आणि ५ वर ९५ अंश तापमान मोजलं गेलं. म्हणजे हात फक्त दहा सेंटिमीटर पुढे सरकला की काम दुप्पट गरम. त्याच प्रयोगात १५ सेंटिमीटरवरून, ड्रायर सतत हलवत वाळवलेले केस आपोआप वाळू दिलेल्या केसांपेक्षाही काही बाबतींत बरे निघाले, कारण केस फार वेळ ओला राहणंही आतल्या थराला सोसत नाही. ‘ड्रायर वाईटच’ म्हणणाऱ्यांना हे पटणार नाही, पण पावसाळ्यात दिवसभर ओलसर अंबाडा बांधून ठेवण्यापेक्षा १५ सेंटिमीटरवरचा ड्रायर चांगला.

मधल्या उष्णतेवर, हात न थांबवता वाळवा. शेवटी अर्धा मिनिट गार हवेचं बटण. ब्लो ड्राय एवढंच करायचं असेल तर इथं काम संपलं.

स्ट्रेटनर किंवा टाँग वापरायचा असेल तर केस शंभर टक्के वाळलेला हवा. नव्वद नाही. ओलावा लपतो तो तीन ठिकाणी: मानेजवळ, कानामागे आणि दाट केसांच्या मधल्या थरात. बट गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा; गार लागली तर अजून ओली आहे. बोटांच्या पेरांना हा फरक कळत नाही, गालाला कळतो.

स्ट्रेटनर: तापमान आणि गती

ब्लीच केलेले, रंगवलेले, अगदी बारीक किंवा आधीच तुटणारे केस: १२० ते १५० अंश. साधे, मध्यम जाडीचे: १५० ते १८०. जाड, दाट, कधी रसायन न लागलेले: १८० ते २००. घरात २०० च्या वर जायचं कारण नाही. पार्लरमध्ये स्मूदनिंग किंवा केराटिन ट्रीटमेंटच्या वेळी याहून जास्त तापमान वापरतात ती रासायनिक प्रक्रिया वेगळी, तिचा आकडा घरी आणायचा नाही. स्मूदनिंग, रिबाँडिंग झालेल्या केसांना १५० बस्स. पांढरे किंवा करडे केस जास्त उष्णतेने पिवळट पडतात, तेव्हा केस न रंगवणाऱ्या काकू-मावशींचं सेटिंग करताना १५० च्या आतच राहा.

ज्या स्ट्रेटनरवर आकडेच नाहीत, फक्त चालू-बंद बटण आहे, तो किती तापतो हे कळायला मार्ग नाही. बरेचसे २०० च्या आसपास किंवा वर जातात. कामचलाऊ परीक्षा अशी: तापल्यावर प्लेटमध्ये पांढरा टिश्यू पेपर पाच सेकंद धरा. पिवळा-तपकिरी पडला तर तो स्ट्रेटनर केसांचा नाही. तापमान ठरवता येणारा घ्या. स्प्रेवर घातलेल्या पैशांपेक्षा हे पैसे जास्त वसूल होतात.

आदल्या दिवशी धुतलेल्या केसावर प्रेसिंग करायचं असेल तर कोरड्या केसाचा, उडून जाणारा स्प्रे प्रत्येक बटेवर एक-दोन दाब, कंगवा आणि पूर्ण मिनिटभर थांबणं. अल्कोहोल ज्वलनशील आहे. ते उडून जायच्या आत गरम प्लेट लावायची नाही. देवघरातली निरांजन, गॅस, मच्छर अगरबत्ती यांच्या जवळ उभं राहून स्प्रे मारू नका.

बट दोन ते तीन सेंटिमीटर रुंद, प्लेटच्या लांबीहून कमी घ्या. जाडजूड बट घेतली तर वरचे-खालचे केस भाजतात आणि मधले सरळ होत नाहीत, मग तीच बट चार वेळा ओढली जाते. मुळापासून दोन बोटं सोडून सुरुवात करा आणि न थांबता टोकाकडे या, सेकंदाला साधारण पाच सेंटिमीटर या गतीने. अडीच सेंटिमीटर रुंदीची प्लेट असेल तर केसाच्या प्रत्येक भागाला जेमतेम अर्धा सेकंद उष्णता मिळते. एका जागी तीन सेकंद थांबलात तर सहापट. प्लेटच्या पुढे बारीक दातांचा कंगवा धरून सोबत ओढला तर पहिल्याच फेरीत बट सरळ होते. एक फेरी, फार तर दोन. दुसऱ्या फेरीआधी बट गार होऊ द्या. दोन फेऱ्यांत होत नसेल तर बट बारीक करा, आणि तरीही नाही झालं तरच तापमान दहा अंशांनी वाढवा.

टाँग असेल तर टोकं आधी गुंडाळू नका. बट मधून गुंडाळायची आणि टोक शेवटच्या दोन-तीन सेकंदांत आत घ्यायचं. एकूण आठ-दहा सेकंद. मग कर्ल सोडताना लोंबू न देता तळहातावर झेला, गुंडाळलेलाच ठेवून चिमटा लावा आणि पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दहा मिनिटांनी, सोडा. बंध गार होताना जुळतात, हे वर आलंच आहे.

आवाज, वाफ, वास

स्ट्रेटनर फिरवताना डोळे, कान आणि नाक तिन्ही उघडं ठेवा. चर्र असा बारीक आवाज आला तर केसात पाणी आहे: लगेच थांबा आणि ड्रायर घ्या. पांढरी वाफ दिसली आणि क्षणात विरली, वास नाही, तर बहुधा स्प्रे ओला आहे; तरी थांबाच, कारण स्प्रेतलं पाणी आणि केसातलं पाणी यांत प्लेट फरक करत नाही. धूर रेंगाळला आणि तेलकट वास आला, तर जुनं तेल किंवा सीरम भाजतंय. केस धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिसं जाळल्यासारखा उग्र वास म्हणजे केराटिन जळतंय. तिथं स्प्रेचा प्रश्नच उरत नाही, स्ट्रेटनर बंद करा.

प्रेसिंगनंतर केसावर पांढरे कण झटकल्यासारखे पडत असतील, तर तो कोंडा असेलच असं नाही. स्प्रेतलं पॉलिमर जास्त झालं किंवा एका जागी साचलं की वाळून असंच भुकटी होऊन पडतं. दाब कमी करा, अंतर वाढवा. केस कडक, काड्यांसारखे लागले तर प्रथिनं असलेला स्प्रे तुमच्या केसाला जास्त होतोय. सिलिकोनचा हलका स्प्रे बघा. दुसऱ्या दिवशी चपटे, ओशट दिसले तर मुळांशी फवारा गेलाय. कपाळावर, मानेच्या मागे पुरळ येत असेल तर तिथल्या त्वचेवर स्प्रे पडतोय का ते आधी तपासा.

हळद, गजरा आणि जुलै

लग्नाच्या दिवशी नवरीची बैठक पहाटेच लागते, आणि हळदीच्या तेलाचा अंश डोक्यातही गेलेला असतो. एका शाम्पूत ते निघत नाही. आदल्या संध्याकाळीच दोनदा शाम्पू करून, कंडिशनर लावून, पूर्ण वाळवून ठेवा. पहाटे फक्त कोरड्या केसाचा स्प्रे आणि टाँग. पहाटे चारला केस धुऊन पाचला टाँग घेणं म्हणजे मानेजवळचे केस ओले राहणार हे ठरलेलंच.

मग येतो गजरा. फुलवाला मोगऱ्यावर पाणी शिंपडून देतो, आणि तो ओला गजरा नुकत्या बसवलेल्या कर्लवर माळला, की नेमक्या तिथल्या बटा तासाभरात सरळ होतात. गजरा हलके झटका, कोरड्या नॅपकिनवर पंधरा मिनिटं ठेवा आणि अंबाड्याच्या बुडाशी माळा, सोडलेल्या बटांवर नको. खोपा किंवा अंबाडा घालायचा असेल तर सगळे केस टाँग करायची गरजच नसते. पुढच्या चार बटा आणि मागचा वरचा थर पुरतो. तेवढीच उष्णता वाचली.

जून ते सप्टेंबरमध्ये कोल्हापूरच्या हवेत जेवढा ओलावा असतो, तेवढ्यात साधं प्रेसिंग टिकवणं अवघड. या दिवसांत ग्लिसरीन यादीत वर असलेला स्प्रे टाळा. तो हवेतलं पाणी ओढतो आणि केस फुगतात. त्याऐवजी फिनाइल ट्रायमेथिकोन किंवा डायमेथिकोन असलेला घ्या. प्रेसिंग सुटलं म्हणून कॉलेजला जाताना रोज सकाळी पुन्हा तीच बट भाजणं हा सगळ्यात महागडा उपाय. गाडीवर जाणाऱ्यांनी केस पूर्ण गार झाल्यावरच स्कार्फ बांधावा, आणि सुतीऐवजी सॅटिनचा. हेल्मेटखाली गरम, ओलसर केस दाबले की जो आकार बसतो तो दिवसभर राहतो.

विजेचं आणि साधनांचं

२००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. घरातला लहान, ६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यावरचा एक्स्टेन्शन बोर्ड यासाठी नाही. पिन गरम होते, काळी पडते. १६ अँपिअरचा, गिझर किंवा इस्त्रीचा सॉकेट वापरा. १२०० वॅटचा ड्रायर ५.२ अँपिअरवर चालतो, तो लहान सॉकेटवर चालेल. स्ट्रेटनर फारच कमी वीज घेतो, त्याची चिंता नाही. बाथरूममध्ये, ओल्या हाताने, ओल्या फरशीवर यातलं काहीच नको.

स्प्रे खिडकी उघडी ठेवून मारा. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर दुसऱ्या खोलीत. एरोसोलचा डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नसतो, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. डबा घरीच, कपाटात. पंपाचं तोंड चिकट झालं की फवारा बारीक न येता धार येते. कोमट पाण्याखाली धरून धुवा, टाचणी घालू नका.

स्ट्रेटनरच्या प्लेटवर स्प्रेचा थर हळूहळू जमतोच. चार-पाच वापरांनंतर वायर काढा, प्लेट कोमट झाल्यावर मऊ फडक्याला थोडं सर्जिकल स्पिरिट लावून पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा लावा. जुना तपकिरी थर निघत नसेल तर स्पिरिटचा फडका पाच मिनिटं दाबून ठेवा. सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. सिरॅमिकचा मुलामा निघाला की त्या जागी केस अडकतो आणि मग स्ट्रेटनरच बदलावा लागतो.